बाबा आईले फक्त समज देते

दिवाळीच्या सुट्या संपून शाळा सुरू झाली त्याच्या पुढच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास, मोहाडी तालुक्यातल्या एका गावात सुनंदा नावाच्या बाईचा डावा हात मनगटाच्या वर मोडला. तो तिच्या नवऱ्याने मोडला. चुलीसाठी फोडून ठेवलेल्या लाकडाने.

त्याच्या महिनाभर आधी, सुट्या लागण्यापूर्वी, तिच्या आठवीतल्या मुलीने घरी काय चालते ते मला लिहून कळवले होते. चिठ्ठी मी वाचली आणि 'हिंसा नाही' असे लिहिलेल्या पाकिटात ठेवली. सुट्या संपल्यावर ती वर्गात मोठ्याने वाचूनही दाखवली, चांगले उदाहरण म्हणून.

या लेखातली नावे बदललेली आहेत. शब्द बदललेले नाहीत.

माझे काम काय आहे, ते आधी सांगते. अकरा वर्षे मी नागपूरच्या एका दैनिकासाठी भंडाऱ्यातून बातम्या दिल्या. अपघात, चोऱ्या, मारामाऱ्या, तहसीलवरचे मोर्चे. पुढे ते कार्यालय बंद झाले. तेव्हापासून एका लहान संस्थेतर्फे मी शाळाशाळांत जाऊन हिंसेविषयी शिकवते. सातवी ते दहावी, एका वर्गाला चार तासिका, आठवड्यातून एक. बहुतेक शाळांत मला खेळाची तासिका मिळते, त्यामुळे पहिल्या दिवशी मुले माझ्यावर नाराज असतात.

पहिल्या तासिकेत मी भिंतीवर चार मोठे कागद लावते. शरीराला इजा, शब्दांनी इजा, पैसा किंवा अन्न अडवून धरणे, आणि नकोसा स्पर्श. मुले उदाहरणे सांगतात, मी ती त्या त्या कागदावर लिहिते. सुरुवातीची उदाहरणे टीव्हीवरची असतात. अर्ध्या तासाने गावातली येऊ लागतात. घरातली कोणी तोंडाने सांगत नाही, म्हणून तासिकेच्या शेवटी चिठ्ठ्या वाटते. चिठ्ठीवर नाव लिहायचे नसते. चिठ्ठ्या खोक्यात टाकण्याआधी एक वाक्य मी प्रत्येक वर्गात बोलते: 'कोणी लिहिले ते मी शोधणार नाही, पण कोणाला धोका आहे असे दिसले तर मी गप्प बसणार नाही.' हे वाक्य आधी सांगावे लागते, नाहीतर पुढे तो विश्वासघात ठरतो.

चार कागद नेहमी पुरत नाहीत. वरठीकडच्या एका शाळेत सातवीतल्या मुलीने विचारले, "मॅडम, सरायची छडी कोन्या कागदावर लिहाची?" सर मागच्या बाकावर बसले होते. ते म्हणाले, "ते कागदावर नाही येत बेटा, ते कपाटावर रायते." वर्ग हसला. मीही हसले. निघताना पाहिले, छडी खरोखरच कपाटावर होती. पुढच्या आठवड्यात तिथे नव्हती. ती दारामागे ठेवलेली होती.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलेल्यांच्या वसाहतीत एकदा पालकांची सभा होती. एक म्हातारे गृहस्थ कागद वाचून झाल्यावर म्हणाले, "बाई, चार कागद लावले तुमी. आमचं गाव गेलं, पाण्याची बोडी गेली, मसनवट गेलं. ते कोन्या कागदावर लिवता?" मी पाचवा कोरा कागद लावला. ते उठून पुढे आले आणि त्यावर आपल्या गावाचे नाव लिहून परत जाग्यावर बसले. तो पाचवा कागद मी तेव्हापासून सगळीकडे लावते. त्याला मथळा अजून सापडलेला नाही.

आता सुनंदाच्या मुलीची शाळा. मुलीला आपण प्रणाली म्हणू. वर्ग आठवा. दिवाळीपूर्वी पहिली तासिका झाली. चिठ्ठ्या घरी नेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळ्या केल्या. माझी तीन पाकिटे असतात: 'लगेच बघायचे', 'पुन्हा बोलायचे' आणि 'हिंसा नाही'. त्यातल्या एका चिठ्ठीवर हे लिहिले होते:

'आमच्या घरी हिंसा नाही. बाबा आईले फक्त समज देते. धान कापाच्या दिवसात जास्त देते.'

मी भंडारा शहरात वाढले. आमचे घर विणकाम आणि कापडाच्या व्यापारातले. 'समज देणे' म्हणजे दोन गोष्टी नीट सांगणे, असाच अर्थ मला ठाऊक होता. धानाच्या हंगामात कामे फार, तेव्हा घरात जास्त बोलावे लागत असेल, असे मी धरून चालले. चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले: 'संवादाचे उदाहरण. वाचून दाखवणे.' ती खूण अजून तिथे आहे.

सुट्यांनंतरची पहिली तासिका शनिवारी सकाळी होती. विषय होता, भांडण मारामारीपर्यंत जाऊ न देता कसे मिटवायचे. मी म्हटले, "तुमच्यापैकीच एकाची चिठ्ठी वाचते. ऐका." आणि वाचली. पहिले वाक्य झाले. दुसरे झाले. तिसऱ्याला वर्ग हसला.

मागून एक मुलगा म्हणाला, "लय समज देते बापा!"

वर्ग आणखी मोठ्याने हसला. वर्गशिक्षिका रामटेके मॅडम त्या दिवशी पंचायत समितीत बैठकीला गेल्या होत्या. मी फळ्यावर डस्टर आपटून वर्ग शांत केला आणि पुढे शिकवू लागले. तासिका झाली की मी वहीत नोंद करते. त्या दिवशीची नोंद अशी आहे: 'वर्ग हसला. कारण कळले नाही.'

वार्ताहर असताना कळले नाही ते विचारल्याशिवाय मी बातमी दिली नव्हती. त्या दिवशी विचारले नाही.

बुधवारी रामटेके मॅडमचा फोन आला. प्रणाली दोन दिवस शाळेत नाही, तिची आई भंडाऱ्याच्या रुग्णालयात आहे, हात मोडला आहे, सासू म्हणते शेतात पडली. त्या वर्गात माझी तासिका चालते म्हणून कळवते आहे, असे त्या म्हणाल्या. मी दुपारी शाळेत गेले. पाकिटे बरोबर नेली होती. 'लगेच बघायचे' आणि 'पुन्हा बोलायचे' यांतल्या सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. रामटेके मॅडमनी एकेक पाहिली आणि मान हलवली.

"याच्यात नाही. ते तिसरं काय हाय?"

"त्यात काही नाही. 'हिंसा नाही' वाल्या आहेत."

"पाहू तं द्या."

सातव्या की आठव्या चिठ्ठीवर त्या थांबल्या. अक्षर प्रणालीचे होते. मी न शोधण्याचे वचन दिले होते ते असे मोडले. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, कोपऱ्यातली माझी पेन्सिलीची ओळही वाचली.

"मॅडम, हे तुम्ही याच्यात काहून ठेवलं?"

"समज देतात म्हणून लिहिले आहे."

रामटेके मॅडम त्याच भागातल्या. वडील पोस्टात होते, आई धानाच्या रोवणीला जायची. त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"आमच्याइकडं समज देणं म्हंजे मारणं," त्या म्हणाल्या. "बैलाले समज देते, पोरायले समज देते, बायकोले समज देते. सारे असंच म्हणते. तुम्ही अकरा वर्षं पेपरात होत्या नं?"

होते. आणि तो शब्द अकरा वर्षे मी रोज वापरला होता. नवरा-बायकोच्या भांडणाची बातमी दोन ओळींची असे. बाई पोलीस ठाण्यात येई, अदखलपात्र नोंद होई, नवऱ्याला बोलावले जाई. शेवटचे वाक्य ठरलेले असे: 'पतीस समज देऊन सोडण्यात आले.' हे वाक्य मी किती वेळा लिहिले, याची मोजदाद नाही. तालुक्याच्या गावांत ते कसे वाचले जात असेल, हे त्या बुधवारी पहिल्यांदा कळले. वाचणाऱ्याला वाटत असणार, ठाण्यात त्याला मारले. बाईला मात्र ठाऊक असणार की मारले नाही.

गुरुवारी सकाळी मी आणि रामटेके मॅडम रुग्णालयात गेलो. सुनंदा खाटेवर बसली होती. वय पस्तिशीच्या आतले. प्लास्टर नवे होते. जवळ प्रणाली होती. मला पाहिल्यावर ती पाणी आणायला म्हणून बाहेर गेली.

"धुऱ्यावरून पाय घसरला जी," सुनंदा म्हणाली. आम्ही काही विचारण्याआधीच तिने शेताच्या बांधाचे नाव घेतले.

रामटेके मॅडम म्हणाल्या, "ताई, मी पंचनामा कराले नाही आली. पोरीनं लिहून देलं होतं. या मॅडमले समजलं नाही."

सुनंदाने माझ्याकडे पाहिले. मग विचारले, "वर्गात वाचलं ते तुमीच काय?"

"हो. मीच."

"हाव. पोट्टी सांगे."

मी विचारले, त्या वाचण्यामुळे हे घडले का. तिने सांगितले की नाही, डब्याला उशीर झाला म्हणून घडले. नवरा श्रावण वरठीला कामावर जातो, गाडीवर अर्ध्या तासाचा रस्ता. डबा तयार नव्हता. पुढे मला कळलेला क्रम असा: शनिवारी मी चिठ्ठी वाचली. रविवारी ती गोष्ट पानठेल्यावर श्रावणच्या कानी गेली. मंगळवारी हात मोडला. सुनंदा अजूनही सांगते की कारण डबा हेच होते.

मी पोलीस ठाण्याचे सुचवले. ती हसली, पण तोंड न उघडता.

"ठाण्यात त्याले समज देतील, मंग घरी येऊन तो मले देईल. तुमची समज वेगळी, आमची वेगळी."

संरक्षण अधिकारी नावाचा एक अधिकारी जिल्ह्याच्या ठिकाणी असतो, तिथे अर्ज करता येतो, घर न सोडताही न्यायालयाकडून संरक्षण मागता येते, हे मी सांगितले. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "लेकरू शिकून राहिलं. ते शिकू द्या. मले काही नाही कराचं." आम्ही परत आलो. अर्ज करायचा की नाही हे तिनेच ठरवायचे असते. आपण ठरवले तर ठरवणाऱ्यांत आणखी एकाची भर पडते, एवढेच.

शुक्रवारी श्रावण शाळेत आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत ते स्वतः, रामटेके मॅडम आणि मी होतो. मला वाटले होते तो आरडाओरडा करेल. त्याने चपला दाराबाहेर काढल्या, सगळ्यांना नमस्कार केला, खुर्चीच्या टोकावर बसला.

"ते चिठ्ठी द्या मले," तो म्हणाला.

मी सांगितले, चिठ्ठी कोणालाच देत नाही. त्यावर नाव नसते.

"नाव नसलं तं काय झालं? तुमी वाचली तवा सारा वर्ग हासला, आन् माही पोट्टी खाली मान घालून बसली होती मनते. मंग कोनाची हाय ते?"

मी पाकिटे पिशवीत सरकवली.

"मी मारत नाही जी," तो मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाला. "समज देतो. घर चालवाचं तं द्या लागते. तुमच्या शाळेत नाही देत काय पोरायले?"

मुख्याध्यापकांनी टेबलावरचा पेपरवेट सरकवला.

रामटेके मॅडमनी विचारले, "श्रावणभाऊ, मंग हात कसा मोडला?"

"धुऱ्यावरून पडली."

"तुमचं धान तं दिवाळीच्या आधीच कापून झालं. धुऱ्यावर कायले गेली होती?"

श्रावण उठला. दारात चपला घालताना म्हणाला, "सोमवारपासून येत नाही ते शाळेत. नाव कापून टाका. मायच्या हातानं होत नाही, घरी सैपाक कोन करन?"

मुलीचे वय चौदाच्या आतले होते. नाव कापता येत नाही, हे मुख्याध्यापकांनी त्याला दारातूनच सांगितले. तो ऐकायला थांबला नाही. सोमवारी प्रणाली आली नाही. मंगळवारी नाही. रामटेके मॅडम घरी जाऊन आल्या. सासूने दारातच सांगितले की मुलगी मामाकडे गेली. ती गेलेली नव्हती. आत भांडी घासत असलेली त्यांनी पाहिली.

गुरुवारी शाळा भरायच्या वेळी सुनंदा स्वतः आली. हात गळ्यात अडकवलेला, बरोबर प्रणाली, तिच्या पाठीवर दप्तर. गावातून शाळेपर्यंतचा रस्ता पानठेल्यावरूनच जातो. ती त्याच रस्त्याने आली. रामटेके मॅडमनी मला फोन करून बोलावले. मी पोचले तेव्हा सुनंदा ऑफिसबाहेरच्या बाकावर बसली होती.

"मले देलं ते देलं," ती म्हणाली. "पोरीची शाळा कायले बंद केली? कुठं सही कराची हाय, सांगा."

त्याच दिवशी आम्ही तिघी एसटीने भंडाऱ्याला गेलो, ती, प्रणाली आणि मी. संरक्षण अधिकाऱ्यांच्या खोलीत अर्जदार एकटीच जाते. मी आणि प्रणाली व्हरांड्यात थांबलो. तासाभराहून जास्त वेळ लागला.

चुकीची बातमी छापली गेली की दुसऱ्या दिवशी खुलासा द्यायचा असतो, चूक छापली त्याच पानावर. इथे ते पान म्हणजे तो वर्ग होता. तिथे खुलासा दिला असता तर चिठ्ठी कोणाची हे मीच पुन्हा सांगितले असते. म्हणून तो व्हरांड्यात, एकटीला दिला. मी प्रणालीला सांगितले की तिने बरोबर लिहिले होते, मी चुकीचे वाचले, आणि वाचून दाखवायला नको होते.

तिने विचारले, "मॅडम, तुमाले खरंच नव्हतं मालूम?"

"नव्हते."

"मंग तुमच्या घरी काय म्हनत होते त्याले?"

आमच्याकडे 'हात लागला' म्हणत. माझी आत्या आणि तिचे यजमान, म्हणजे काका, आमच्याच घरात राहायचे. काका मागावरून उठले की कधी कधी तिला हात लागे. दुसऱ्या दिवशी ती पदर गालावर घेऊन बसे. आई शेजारणीला सांगे, चुकून हात लागला. शाळाशाळांत चार कागद लावण्याचे काम करत असताना एकदाही ते घर मी त्यातल्या कोणत्या कागदावर लिहिले नव्हते. हे मी प्रणालीला सगळे सांगितले नाही. "हात लागला, असे म्हणत," एवढेच सांगितले.

"लागला?" ती म्हणाली. "आपोआप?"

त्यानंतर माझी पहिली तासिका बदलली. आता चार कागदांच्या आधी मी फळ्यावर एक प्रश्न लिहिते: 'तुमच्याकडे मारण्याला काय काय म्हणतात?' मुले एकमेकांकडे बघतात आणि मग थांबत नाहीत. समज देणे. सरळ करणे. हात साफ करणे. प्रसाद. खुराक. दवाई देणे. एका मुलीने सांगितले, त्यांच्याकडे 'लाड करणे' म्हणतात. फळा भरला की हसणे आपोआप थांबते. मग कागद लावते. 'हिंसा नाही' हे पाकीट आता मी ठेवत नाही.

न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: श्रावणने मारहाण करू नये, सुनंदाला घराबाहेर काढू नये, मुलीच्या शाळेत अडथळा आणू नये. आदेशानंतर तो वरठीला भावाकडे राहायला गेला. सासू सुनंदाच्याच घरी आहे. दोघी एका चुलीवर रांधतात, एकमेकींशी बोलत नाहीत. प्रकरण सुरू आहे. सुनंदाचा हात जुळला, पण मनगट पूर्ण वळत नाही. यंदाच्या रोवणीला ती गेली नाही. प्रणाली नववीत आहे.

गेल्या महिन्यात सुनंदा वकिलांकडून अर्जाची प्रत घेऊन शाळेत आली. तिला ती वाचून हवी होती. ऑफिसात रामटेके मॅडमनी वाचली, मी शेजारी बसून पाहिली. अर्ज अधिकाऱ्यांनी हाताने लिहून घेतलेला आहे. तिसऱ्या ओळीत 'पती वारंवार समज देतो' असे वाक्य आहे. त्यातले 'समज देतो' हे शब्द एका आडव्या रेघेने खोडले आहेत. वर 'मारतो' असे लिहिले आहे. खाडाखोडीच्या शेजारी, समासात, सुनंदाची सही आहे.